चूल, पाणी आणि ओवी: लक्ष्मीबाई टिळकांच्या घराचा प्रकरण अभ्यास

१० फेब्रुवारी १८९५ या दिवशी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि नाशिक जिल्ह्यातल्या एका चित्पावन घरातली सव्वीस वर्षांची सून एका दिवसात ना सवाष्ण राहिली ना विधवा. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालेना. पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा. जवळजवळ पाच वर्षं हे घर मोडलेलंच होतं. पुढे तेच घर जुळलं, आणि मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे इथलं चर्च, आज जिला आपली आजी मानते ती लक्ष्मीबाई त्या घरात घडली. हे जुळलं कसं, कोणत्या क्रमानं, आणि त्या घरातून मंडळीला नेमकं काय मिळालं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. टिळकांच्या काव्याबद्दल आणि धर्मांतराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. स्वयंपाकघराबद्दल कमी लिहिलं गेलं, आणि आमच्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. लग्न अकराव्या वर्षी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानं करून दिली, तीही त्याच्या लहरीप्रमाणे, मधेच सुरू, मधेच बंद.

वडिलांची गोष्ट मात्र थोडक्यात उरकून चालत नाही, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १८५७च्या धामधुमीत नानांच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, सासऱ्यांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना, फाशी झाली. त्या धक्क्यानंतर नानांच्या डोक्यात विटाळाची भीती घर करून बसली. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कुणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान. घरातल्या बायका-मुलांचा दिवसच्या दिवस धुण्यात जाई. लक्ष्मीबाईंना सोवळं हे धर्माचं तत्त्व म्हणून कळण्याआधी भीती म्हणून कळलं. म्हणूनच पुढे नवऱ्याचा देव बदलला यापेक्षा नवऱ्याचं पाणी बदललं हे त्यांना जास्त भिववणारं होतं. हे प्रकरण वाचताना धर्ममताचा वाद शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता १८९५ नंतरची पाच वर्षं. यात एक बाब नेहमी सुटते, ती कायद्याची. १८६६ सालचा एतद्देशीय ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहविच्छेदाचा कायदा तेव्हा लागू होता. नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या कारणानं बायको सलग सहा महिने त्याला सोडून राहिली, तर तो कोर्टात अर्ज करू शकत होता. कोर्ट बायकोला बोलावून तिचं मन विचारी, वर्षभर थांबायला लावी, आणि तरीही ती नकार देत असेल तर लग्न रद्द होऊन दोघांनाही दुसरं लग्न करता येई. मुलाच्या ताब्याच्या बाबतीतही कायदा बापाच्याच बाजूचा होता. म्हणजे टिळकांना मोकळं होऊन नवा संसार मांडायला दोन वर्षंही लागली नसती. त्यांनी हा रस्ता धरला नाही. मुलगा दत्तू आईजवळच राहिला, आणि टिळक पत्रं लिहीत राहिले. टिळक स्वभावानं शांत मुळीच नव्हते. रागीट, उतावळे, घरातून न सांगता निघून जाणारे होते. अशा माणसानं या एका बाबतीत पाच वर्षं धीर धरला, ही या प्रकरणातली पहिली निर्णायक गोष्ट. कोर्टाची नोटीस एकदा दारात आली असती तर माहेरच्यांनी दार कायमचं लावून घेतलं असतं.

लक्ष्मीबाईंनी या काळातला मोठा भाग पंढरपुरात बहिणीच्या कुटुंबात काढला. दुःख फार होतं, पण तिथल्या वातावरणात रात्रंदिवस अभंग आणि ओव्या कानांवर पडत होत्या, आणि याच वर्षांत त्या स्वतः कविता करू लागल्या. या गोष्टीकडे पुढे परत यावं लागेल.

मग नवऱ्याकडे परतणं. अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचं १८३१पासूनचं ठाणं. तिथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार आणि मांग समाजांतले. म्हणजे मंडळीत जाणं याचा व्यवहारातला अर्थ त्यांच्या शेजारी बसणं आणि त्यांच्या पंगतीला जेवणं. लक्ष्मीबाई आल्या त्या अटी घालून: चूल वेगळी, पाणी वेगळं, आपला धर्म आपल्यापाशी. टिळकांनी अटी मान्य केल्या आणि मिशननंही त्यात ढवळाढवळ केली नाही. ही दुसरी निर्णायक गोष्ट.

वेगळी चूल म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला नीट उलगडून सांगायला हवं. ब्राह्मणी स्वयंपाकघराचे नियम एकसारखे कडक नसत, त्यांना पायऱ्या असत. कोरडा शिधा, म्हणजे तांदूळ, डाळ, गूळ, कुणाकडूनही घेता येई. दुधात किंवा तुपात केलेलं फराळाचं थोडं सैल धरलं जाई. पाण्यात शिजवलेला भात, आमटी, भाकरी ही फक्त आपल्या किंवा वरच्या मानलेल्या जातीच्या हातची. आणि सगळ्यांत कडक नियम पाण्याचा: कुणी भरलं, कोणत्या भांड्यात, भांड्याला कोण शिवलं. तांब्या-पितळेचं भांडं घासून शुद्ध होई, मातीचं फोडावं लागे. स्वयंपाक करणारीनं अंघोळीनंतर वळणीवरचं, काठीनं काढलेलं सोवळं नेसायचं. मिशनच्या वस्तीत राहून हे सगळं पाळायचं तर दिवसाला कित्येक वेळा माणसांना दूर व्हा म्हणावं लागतं, आणि ती माणसं रोज दारात येऊन आपुलकीनं बोलणारी असतात. नियम मोडतो तो बहुतेक इथेच. वादात हरून कुणी सोवळं टाकत नाही. रोजची दूर-दूर असह्य होते तेव्हा टाकतं.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत वळण आलं ते त्यांच्या स्वतःच्या विचारातून, आणि तो विचार अगदी साधा होता. पशुपक्ष्यांत देवानं वेगवेगळ्या जाती केलेल्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तशा दिसतात त्या दोनच, स्त्री आणि पुरुष. मग बाकीच्या जाती माणसांनीच केलेल्या असणार. एकदा हे मनाशी ठरल्यावर त्यांनी थांबून राहणं नाकारलं आणि सगळ्यांच्या हातचं खाऊ-पिऊ लागल्या. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, राहुरीला झाला.

आधी जात गेली, मग बाप्तिस्मा, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. त्या काळातल्या कित्येक धर्मांतरांत तो उलटा झाला. नवरा आधी बाप्तिस्मा घेई, मागोमाग बायको-मुलांचा होई, आणि मनातली जात तशीच मंडळीत येई. मग प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, वेळी एकाच पेल्याला तोंड लावायला कुरकुर, लग्नं मूळच्या जातीतच, बसायच्या जागाही ठरलेल्या. ही दुखणी मराठी मंडळ्यांना पुढे पिढ्यान्पिढ्या छळत राहिली. लक्ष्मीबाई मंडळीत आल्या तेव्हा स्वयंपाकघराचा प्रश्न मागे पडलेला होता. म्हणून त्यांच्याकडे आलेल्या बाईला आपण कुणाकडे आलो आहोत याचा संकोच वाटला नाही.

आणि माणसं येत राहिली. १८९९-१९०० हे मोठ्या दुष्काळाचं वर्ष. नगर जिल्ह्यात अनाथ मुलांची रीघ लागली, मिशनच्या शाळा-वसतिगृहं भरून गेली, आणि टिळकांच्या घरीही मुलं येऊन राहू लागली. दत्तू आणि तारा ही घरची दोन. बाकी कधी किती, याचा हिशेब ठेवणंच शक्य नव्हतं. पुढे प्लेगच्या साथीतही लक्ष्मीबाई माणसांपासून लांब राहिल्या नाहीत. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे; मागणारा समोर उभा राहिला की खिसा रिकामा. अशा घरात औदार्याची कीर्ती नवऱ्याकडे जाते आणि उद्याच्या पिठाची चिंता बायकोकडे. लक्ष्मीबाईंनी या गोष्टीवर नवऱ्याशी कडाक्याची भांडणं केली आणि ती लपवलीही नाहीत. मंडळीतल्या थोर बायकांची चरित्रं लिहिताना नेमकी हीच भांडणं गाळली जातात, मग वाचकाला कळत नाही की पंधरा माणसांचं जेवण पाचांच्या शिध्यात कुणी बसवलं.

या घरातलं सगळ्यांत प्रसिद्ध आश्रित मूल म्हणजे बालकवी, त्र्यंबक बापूजी ठोमरे. वयानं तरुण, स्वभावानं लेकरू. तो ख्रिस्ती झाला नाही आणि या घरात कुणी त्याला त्यासाठी धरून बसलं नाही. ज्या बाईला स्वतःला वेळ दिला गेला होता तिनं दुसऱ्यालाही तो दिला. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली ठोमरे गेले. वर्ष होतं न होतं तोच, ९ मे १९१९ला, मुंबईत टिळक गेले.

इथे प्रकरणाचा दुसरा भाग सुरू होतो. लक्ष्मीबाई पन्नाशी पार करत होत्या. टिळक १९१२पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादक होते, शेवटच्या काळात मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीनं राहिले होते, मागे ठेवण्यासारखी मालमत्ता नव्हती. मागे राहिलं ते एक अपुरं काम. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं होतं, त्याचे साडेदहाच्या आसपास अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय त्यांच्यानंतर देवदत्तानं, म्हणजे दत्तूनं पुरा केला, आणि ग्रंथ १९३८ साली छापून आला.

शाळेत न गेलेली, जोडाक्षरांशी झगडणारी बाई ६४ अध्याय कशी लिहिते? उत्तर ओवीच्या घडणीत आहे. संस्कृत वृत्तात लघु-गुरूचं गणित अक्षराअक्षराला सांभाळावं लागतं. ते कागदावर, नियम शिकून जमतं. ग्रंथातल्या ओवीला चार चरण. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा, तिथे अर्थ खाली टेकतो. अक्षरसंख्येला सैलपणा आहे, लय मात्र पक्की असावी लागते, आणि ती कानानं शिकता येते. जात्यावर, पोथी ऐकताना, पंढरपुरात, लक्ष्मीबाईंच्या कानात ती आधीच मुरलेली होती. शिवाय मराठी बायकांना ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांसारख्या पोथ्या ऐकून कथा सांगण्याची एक रीत ठाऊक असते: प्रसंग उभा करायचा, पात्रांना घरच्या माणसांसारखं बोलू द्यायचं, मध्ये थांबून श्रोत्याला दोन शब्द सांगायचे, आणि अध्यायाच्या शेवटी पुढची ओढ लावायची. शुभवर्तमानातली गोष्ट सांगायला त्यांना नवं साधन शोधावंच लागलं नाही. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेव्हाही हेच साधन कामाला आलं होतं. फरक इतकाच की मूळच्या इंग्रज स्टीफन्सनी ओवी शिकून घेतली होती, लक्ष्मीबाई तिच्यात वाढल्या होत्या.

वेगाचाही अंदाज घ्यावा. १९१९ ते १९३६, म्हणजे जेमतेम सतरा वर्षं. त्यात ६४ अध्याय म्हणजे सरासरी वर्षाला चारही नाहीत. घर, नातवंडं, मुलाच्या नोकरीपायी कराचीपर्यंतचा मुक्काम, प्रकृतीच्या तक्रारी, हे सगळं सांभाळून एवढाच वेग शक्य असतो. मोठं काम घरातल्या बाईच्या हातून कसं होतं याचं हे वास्तव माप आहे.

‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९३४पासून भागाभागानं छापलं गेलं, आणि लक्ष्मीबाई मराठी ख्रिस्ती जगाबाहेरही घरोघर पोचल्या. १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं होतं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. साहित्य म्हणून या आत्मचरित्राची थोरवी सांगायला आणखी एक लेख लागेल. इथे पाहायचं आहे ते त्यामागे कुटुंबानं केलेलं काम, कारण मंडळीतल्या एखाद्या आजीचं आयुष्य लिहून ठेवू पाहणाऱ्या कुणालाही ते उपयोगी आहे.

मुलानं आईला आठवणी लिहायला बसवलं, पण तिची भाषा पुस्तकी केली नाही. वाक्यं बोलण्यातली राहिली, उड्या मारणारी, अचानक हसवणारी. आजही अशा आठवणी छापताना पहिली चूक होते ती इथेच: नात किंवा पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, ‘शुद्ध’ करायला बसतात, प्रत्येक परिच्छेदाला एक वचन जोडतात, आणि आजीचा आवाज जातो. शुद्धलेखन सुधारावं, वाक्यरचनेला हात लावू नये.

दुसरी अडचण तारखांची. लक्ष्मीबाई क्वचितच साल सांगतात. त्यांचं कालमापन असं: अमक्याचं लग्न झालं तेव्हा, दत्तू रांगत होता तेव्हा, तो दुष्काळ पडला तेव्हा. हे दोष म्हणून पाहू नये. स्मरणाची ही नेहमीची पद्धत आहे. पण घटना लावून घ्यायच्या असतील तर बाहेरचे खुंटे लागतात. या प्रकरणात ते टिळकांच्या सार्वजनिक आयुष्यातून मिळतात: १८९५चा बाप्तिस्मा, १९०४ची पाळकीय दीक्षा, १९१२चं संपादकपद, १९१९चा मृत्यू. आधी हे चार खुंटे कागदावर रोवायचे आणि मग आठवणी त्यांच्या मध्ये बसवत जायच्या. मुलांची वयं ताडून पाहिली की बहुतेक प्रसंग वर्षा-दोन वर्षांच्या आत येऊन बसतात.

सामान्य कुटुंबाच्या बाबतीत असे खुंटे मंडळीच्या नोंदवह्यांत सापडतात. बाप्तिस्म्याची वही, दफनाची वही, सभासदांची यादी. ख्रिस्ती लग्नांची नोंद १८७२च्या कायद्यानं ठेवावीच लागते आणि तिची प्रत सरकारी निबंधकाकडे जाते, त्यामुळे मंडळीची वही वाळवीनं खाल्ली तरी लग्नाची तारीख मिळण्याची आशा असते. वही पाहताना तीन गोष्टींमुळे माणूस हुकतो. एक, बाईचं नाव माहेरी एक, सासरी दुसरं, आणि कधीकधी बाप्तिस्म्याच्या वेळी तिसरं. मनकर्णिका शोधणाऱ्याला लक्ष्मीबाई सापडत नाही. दोन, जुन्या वह्या इंग्रजीत आहेत आणि एकच मराठी आडनाव चार पाळकांनी चार स्पेलिंगांत लिहिलेलं असतं. आडनाव मोठ्यानं उच्चारून, मग वही वाचावी. तीन, मिशनच्या वार्षिक अहवालांत बायबलबाया (घरोघर जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या स्त्रिया) आणि पाळकांच्या पत्नी यांची नुसती संख्या येते किंवा ‘अमक्याची पत्नी’ एवढंच येतं. तिथे नवऱ्याची नेमणूक कोणत्या गावी होती हे आधी काढून, त्या गावाच्या वहीत बाईला शोधावं लागतं.

आजी हयात असेल तर सुरुवात बाप्तिस्म्यापासून करू नये. तो प्रसंग तिनं साक्ष म्हणून इतक्या वेळा सांगितलेला असतो की शब्द घोटून गुळगुळीत झालेले असतात. घरात पाणी कोण भरायचं, सणाला काय शिजायचं, पंगतीत कोण कुठे बसायचं, महिन्याचा पगार कुणाच्या हातात पडायचा, घरात परकी मुलं कोण राहून गेली, हे विचारावं. एका बैठकीला तासाभराहून जास्त नको, आणि खोलीत सून किंवा मुलगा असेल तर पैशाचे आणि भांडणाचे प्रश्न त्या दिवशी ठेवून द्यावेत. ऐकलेलं त्याच संध्याकाळी उतरवावं.

टिळकांच्या घरात हे काम तिसऱ्या पिढीपर्यंत चाललं. देवदत्तांनी आई-वडिलांचं लेखन जपलं, ‘ख्रिस्तायन’ पुरं करून छापलं. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ टिपांसह संपादित केलं. माणसं कोण, गावं कुठली, आजीनं सांगितलेला काळ आणि कागदावरचा काळ कुठे जुळतो आणि कुठे नाही, हे त्यांनी तळटीपांत ठेवलं. आजीच्या मजकुरात दुरुस्ती म्हणून घुसवलं नाही. ज्यांना हे प्रकरण मुळातून पाहायचं आहे त्यांनी ती टिपांची आवृत्ती घ्यावी. पहिल्या वाचनात टिपा सोडून सलग वाचावं, आणि दुसऱ्या वाचनात शेजारी वही घेऊन १८९५ ते १९०० हा भाग टिपांसकट, सावकाश.